दोन शेकडे

“चार साखळ्यांत भागतंय ना? मग उरलेल्या दोन दुसऱ्या साइटला जाऊ द्या,” साहेब म्हणाले. बुऱ्हाणपूरच्या आमच्या यार्डात बुलडोझर ट्रेलरवर चढवून तयार होता. तो तुकईथडला तलावाच्या कामावर न्यायचा होता. मी ओव्हरसियर, बांधणी माझ्याकडे. रजिस्टर चाळलं, मनात हिशोब केला आणि म्हणालो, “भागतंय, साहेब.” त्या शब्दाची लाज मला निवृत्तीनंतरही वाटते.

आधी बांधणीचं सांगतो. लोकांना वाटतं, एवढं जड मशीन जागचं हलेल कशाला? पण ब्रेक लागला की ट्रेलर थांबतो, मशीन थांबत नाही. ते पुढे निघतं आणि पुढे ड्रायव्हरची केबिन असते. म्हणून आमच्या खात्याचा हुकूम होता, की सगळ्या साखळ्यांची मिळून ताकद मशीनच्या निदान निम्म्या वजनाइतकी हवी. ताकद म्हणजे साखळी तुटते ते वजन नव्हे. ती रोज निर्धास्तपणे पेलू शकते ते. तो आकडा कडीवर ठोकलेला असतो. आमचा बुलडोझर दहा टनांचा, म्हणजे साधारण शंभर क्विंटल. साखळ्यांची ताकद पन्नास क्विंटल तरी हवी होती.

दिवस राज्यांच्या विलीनीकरणाचे होते. नागपूरचा कारभार सुटून भोपाळचा आला होता. निम्म्या फायली मराठी-इंग्रजीत, निम्म्या हिंदीत. इंदूरकडून नवे कारकून आले होते. त्यातच पौंड जाऊन किलो आला. आमच्या साखळ्या जुन्या, विलायती. त्यांची ताकद हंड्रेडवेटमध्ये. नाव शंभराचं, पण वजन एकशे बारा पौंड, म्हणजे जेमतेम एक्कावन्न किलो. यार्डातले खलाशी, म्हणजे साखळ्या बांधणारे मजूर, त्याला ‘शेकडा’ म्हणत. मग क्विंटल आला, तो खरोखर शंभर किलोंचा. खलाशी त्यालाही शेकडाच म्हणू लागले.

रजिस्टर नव्या मापात लिहायचं होतं. नव्या कारकुनांपैकी दुबेबाबू लिहायला बसले. चांगला, सरळ माणूस.

“ओव्हरसियर साहब, इस चेन की ताकत?”

“वीस शेकडा,” मी चहा पिता पिता सांगितलं. कडी पाहायला उठलो नाही.

त्यांनी ‘वीस क्विंटल’ लिहिलं. मी खाली सही ठोकली. दहा क्विंटलची साखळी अशी कागदावर वीसची झाली. कागदावर चार साखळ्यांची ताकद ऐंशी, प्रत्यक्षात चाळीस. आम्ही आजवर सहा का लावत होतो, हे मात्र मी स्वतःला कधी विचारलंच नाही.

विचारलं ते भिकाभाऊने. तो ट्रेलरचा ड्रायव्हर, तापीकाठच्या केळीवाल्या घरातला. निघण्याआधी तो ट्रेलरभोवती फिरला.

“भाऊसाहेब, आजपावतो सहा लावत होतो. आज चारच काऊन?”

“रजिस्टर बघ. ऐंशीची ताकद आहे.”

“रजिस्टर तुमचं हाये. मशीन माह्या पाठीमागं हाये.”

खलाशांसमोर बोलला म्हणून माझं डोकं फिरलं. “तू गाडी चालव. हिशोब मी बघतो,” मी म्हणालो. तो केबिनमध्ये चढला.

खकनारच्या पुढे उतारावर बैलगाडी आडवी आली. भिकाभाऊने ब्रेक मारला. मागच्या दोन्ही साखळ्या तुटल्या आणि बुलडोझर केबिनवर आला. बैलगाडीवाला वाचला. भिकाभाऊचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

चौकशीचा मसुदा दोन दिवसांत तयार झाला: चालकाने अकारण जोरात ब्रेक लावला. हे कायम झालं असतं तर पायामागोमाग त्याची नोकरीही गेली असती. मी तुटलेल्या साखळीची कडी रॉकेलने धुतली आणि पहिल्यांदा तो ठसा नीट वाचला. आकडा वीसच होता, पण पुढे हंड्रेडवेट होतं, क्विंटल नव्हे.

साहेबांना दाखवली तर म्हणाले, “रजिस्टर बरोबर आहे. सही तुमची आहे. कशाला उकरून काढताय?”

दवाखान्यात गेलो. भिकाभाऊला सगळं सांगितलं. तो ओरडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मंग हे कागदावर लिवून देता का?” एवढंच त्याने विचारलं.

लिहून दिलं. दुबेबाबूंनीही, घाबरत का होईना, आपण काय ऐकलं आणि काय लिहिलं ते सांगितलं. माझं प्रमोशन अडलं, ते शेवटपर्यंत अडलंच. रजिस्टर नव्याने लिहिलं गेलं. निकालाचा कागद घेऊन मी पुन्हा दवाखान्यात गेलो. तो हिंदीत होता. मी वाचून दाखवला. चालक निर्दोष.

“म्हंजे मी चुकलो नाही?”

“नाही, भिकाभाऊ.”

“मंग गाडी कधी देता?” त्याने विचारलं, आणि पांघरुणाकडे नजर जाताच तोंड भिंतीकडे फिरवलं.

साखळी निवडताना आकडा कडीवरचा वाचावा आणि त्याच्यापुढे मापाचं नाव पुरतं लिहावं. पाच मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी ती पाच मिनिटं मी चहा पीत होतो.