संत्र्याच्या चवीची पावडर

भाचीच्या डब्यातली पावडर मी ग्लुकोज समजून प्यालो. तीही तिप्पट.

तिप्पट का, हे सांगायला हवं. माझी सासुरवाडी शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागा असलेली. सासरच्यांसमोर इतकी वर्षं संत्र्यातलं कळत असल्याचा आव आणला, की शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला. डब्यावर संत्र्याचं चित्र होतं. ग्लासभर पाण्यात चमचाभर पावडर टाकली, घोट घेतला आणि म्हटलं, यात संत्रं कुठंय? दुसरा चमचा टाकला. तरी नाही. तिसऱ्याला जिभेला काहीतरी झोंबलं. तेव्हा हे संत्रं मृग बहाराचं नाही, आंबिया बहाराचं असावं असा निकाल देऊन मी ग्लास रिकामा केला. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत बरंच लिहिलेलं होतं. मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. ‘आधी प्रश्न नीट वाचा’ हे पोरांना सांगण्यात माझा जन्म गेला. पण चष्मा टीव्हीपाशी राहिला होता.

भाची माझ्या बहिणीची, बाळापूरकडची. पोलीस भरतीच्या तयारीसाठी आमच्याकडे अमरावतीत राहत होती. आठवड्याभरात अकोल्याला तिची मैदानी चाचणी होती. वयाची अट पाहता ही तिची शेवटचीच भरती. पहाटे मैदान, दुपारी क्लास, आणि त्यामधे मामाची व्याख्यानं, असा तिचा दिवस.

प्यायल्यावर पहिला काही वेळ मी काय झालो होतो म्हणून सांगू! होळीपासून टाळत आलेलं कूलरचं गवत बदललं. मग शेजाऱ्यांच्या कूलरचंही बदलायला गेलो, त्यांनी बोलावलं नसताना. अबोला धरलेल्या साळ्याला फोन लावला आणि त्याला एक अक्षर बोलू न देता समेट करून टाकला. मग भर उन्हात गच्चीवर पाण्याची टाकी घासायला चढलो. वैशाखात दुपट्टा बांधल्याशिवाय फाटकापर्यंतही न जाणारा मी, उघड्या डोक्यानं. ऊन लागतच नव्हतं. भूक नाही, तहान नाही. खाली बायको शेजारणीला सांगत होती, की रिटायर झाल्यापासून माणूस पहिल्यांदा कामाला लागला.

टाकी अर्धी झाली आणि हातातला ब्रश आपोआप हलायला लागला. दातावर दात घट्ट बसले. फळ्यावर हृदयाचे चार कप्पे मी जन्मभर रंगीत खडूनं काढले. त्या दिवशी चारही कप्प्यांतले भाडेकरू एकमेकांची भांडी बाहेर फेकत होते. कसाबसा जिना उतरून शेवटच्या पायरीवर बसलो. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. अंग तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही.

तेवढ्यात भाची क्लासवरून आली. तिनं ओट्यावरचा ग्लास पाहिला, डबा पाहिला.

“मामा, किती टाकलं तुमी यातलं?”

“संत्र्याची चव येईपर्यंत.”

ती हसली नाही. माझ्यापेक्षा तीच पांढरी पडली. पुढे ती, मधे मी, मागून बायकोनं मला धरलेलं, असं स्कूटीवरून माझं पोतं दवाखान्यात पोचलं.

डॉक्टरबाईंनी हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, अंगावर ओले कपडे टाकले, सलाईन लावलं. काय प्यालात म्हणून विचारलं, तर भाचीनं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. मैदानावरची पोरं पळायच्या आधी घेतात, म्हणाली. डॉक्टरबाईंनी मागची अक्षरं वाचली आणि मला समजावलं, की यात कॉफीतलंच द्रव्य आहे, पण कॉफीच्या कितीतरी पट. थकवा मेंदूत एका ठरलेल्या जागी येऊन बसतो, तेव्हा आपल्याला थकलो असं वाटतं. हे द्रव्य आधी जाऊन त्या जागेवर बसतं. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा तसं. थकवा काही बसमधून उतरत नाही. तो उभ्यानं प्रवास करतो, आणि रुमाल उचलला की एकदम येऊन बसतो.

मग त्या माझ्यावरची नजर काढून भाचीकडे वळल्या. “तू किती घेतेस?”

रोज सकाळी अर्धा चमचा, ती म्हणाली. चाचणीच्या दिवशी दोन घेणार होती, आणि वरून मैदानावरची एक मैत्रीण देणार होती ती गोळी. झोप? येत नाही. उशीवर कान टेकला की छातीतलं धडधडणं ऐकू येतं. आणि मी या पोरीला मोबाईलमुळे झोप उडते यावर सविस्तर प्रवचन दिलं होतं. तिनं ते खाली मान घालून ऐकलंही होतं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. गोळी याच्याही पुढची असते, म्हणाल्या. मेंदूतला तरतरीचा साठा ती एका दमात बाहेर ओतायला लावते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला मार बसतो, अंग आतून तापतं, आणि तापलंय हे कळतच नाही. “तुझ्या मामाला गच्चीवर ऊन लागत नव्हतं. म्हणजे ऊन नव्हतं का? अकोल्याच्या मैदानावरही असंच होईल, बाळ. तिथं तू पळत असशील.”

“नाई घेतलं तं मी मागं राहीन, मॅडम,” भाची म्हणाली, आणि रडायला लागली. “सगळ्याच घेतात.”

“ज्या घेतात त्याच सांगत फिरतात. बाकीच्या गप्प पळतात.”

बंद केल्यावर दोन-चार दिवस डोकं दुखेल, अंग जड वाटेल, हेही त्यांनी लपवलं नाही. म्हणजे ऐन चाचणीच्या तोंडावर. घरी आल्यावर तिनं स्वतःच डबा मोरीत ओतला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ते बायकोनं नजरेनं बंद केलं. पुढे ती खरंच मंदावली. मैदानावरून येऊन गप्प बसायची, डोक्याला रुमाल बांधून पडायची. पण एका दुपारी पाहिलं, तर कूलरसमोर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. त्या दिवशी मी टीव्हीसुद्धा लावला नाही.

अकोल्याला मीच सोबत गेलो. तिच्या गटाचा नंबर येईतो ऊन चांगलंच चढलं. आत सोडत नव्हते, म्हणून फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बाकीच्या आईबापांत बसलो. आतून शिटी ऐकू यायची आणि आम्ही सगळे एकदम मान वर करायचो, जसं काही भिंतीतून दिसणारच आहे. एका पोरीला दोघींनी धरून बाहेर आणलं, तेव्हा मी उठून उभा राहिलो. ती आमची नव्हती. तिच्या बापाकडे पाहवेना.

मग आमची आली. चालत, आपल्या पायांनी, चेहरा लाल आणि घामानं निथळलेली. एवढा घाम पाहून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. वेळेत आली होती. पुढच्या पोरींत नाही, मधल्याच कुठल्यातरी. गुण सरावाइतके नव्हते, पण पात्र ठरली होती. लेखीचं पुढे पाहू, म्हणाली.

मी लगबगीनं पिशवीतून बाटली काढली. लिंबू, मीठ, साखर, स्वतःच्या हातानं केलेलं सरबत. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, आणि बाटली माझ्या हातात परत दिली.

“आधी तुमी प्या, मामा. तुमाले काई झालं नाई, तं मंग मले द्या.”