जेवून दाखवणारी

ताटात टाकायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. पुण्याहून सिंगापुरातल्या पुंगोलला आल्यावर बरंच काही सुटलं, हे मात्र मी हट्टानं धरून ठेवलं. म्हणून चौदा वर्षांची लेक ताट घेऊन खोलीत जाऊ लागली, तेव्हा मी एवढंच बजावलं की ताट लख्ख परत आलं पाहिजे.

खोलीत तिला सोबत होती एका कोरियन मुलीची. ती मुलगी रोज लाइव्ह येऊन पातेलंभर नूडल्स फस्त करायची आणि जगभरचे लोक ते बघत बसायचे. लोकांची तोंडं काय बघायची, असं मी नाक मुरडून म्हणायचे. मनातून खूश होते. एरवी प्रत्येक घासाला विनवण्या करायला लावणारी माझी पोर आता निमूट जेवत होती. ताट रोज स्वच्छ. मैत्रिणींना मी कौतुकानं सांगायचे.

मग एके दिवशी शाळेत पीईच्या तासाला ती चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी वजन सांगितलं, तर मी चक्क भांडले, की चारीठाव जेवते ती.  मग लेकीनंच भिंतीकडे बघत सांगितलं की जेवण पिशवीत बांधून ती दप्तरातून न्यायची आणि लिफ्टजवळच्या, कचरा थेट तळमजल्यावर सोडणाऱ्या शूटमध्ये टाकायची. त्या कोरियन मुलीच्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये हिच्यासारख्या कितीतरी होत्या. तिला खाताना बघायचं आणि आपण उपाशी राहायचं, हा त्यांचा नेम. कोण किती दिवस टिकलं ते एकमेकींना कळवून शाबासकी द्यायच्या. माझ्या मुलीची हाडं वर आल्याचं जकार्ता-मनिलातल्या अनोळखी पोरींना ठाऊक होतं. मी मात्र डोळ्यांत तेल घालून ताटावर पहारा करत होते. मला लेकीचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी नर्सला विचारून मी वॉर्डात वरणभात नेला. चमचा पुढे केला, तर लेकीनं ओठ घट्ट मिटले.

"आई, यू ईट लाह," ती हळूच म्हणाली. "तू खा. मी बघते."

 शेवटी मी तो घास खाल्ला. ती कोपरावर उठून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. कित्येक महिन्यांत तिनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

मी दुसरा घास घेतला.