ग्वामच्या झेंड्यावरचा माणूस

दारावर थाप पडली की मी अजून दचकते. गेल्या महिन्यात सकाळी दार उघडलं, तर साबीनची सून ओढणी तोंडाशी धरून उभी. ती बोलायच्या आधीच मला कळलं... साबीन गेली. झोपेतच. मुलांनो, तुम्ही तिला सुके बोंबील पाठवणारी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली आजी म्हणून ओळखता. मला मात्र ती आठवते हातात सुई धरलेली, भेदरलेली.

नव्वदच्या दशकात सातिवलीच्या एका भरतकामाच्या कारखान्यात मी इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे. कारखाना म्हणजे पत्र्याचा गाळा. बाकीच्या बायका मशीनवर असायच्या. पहिला नमुना मात्र हाताने भरायचा, आणि तो साबीनच भरायची. एकदा ग्वाम नावाच्या बेटाच्या झेंड्यांची ऑर्डर आली. हे बेट पॅसिफिक महासागरात, अमेरिकेच्या ताब्यात. सोबतची माहिती मी तिला मराठीत सांगितली. गडद निळं कापड म्हणजे समुद्र. भोवतीची लाल किनार म्हणजे तिथल्या माणसांचं सांडलेलं रक्त. मधला बदामाच्या बीसारखा आकार गोफणीच्या दगडाचा, कारण पूर्वी ते लोक असे घासलेले दगड गोफणीने मारून लढायचे. त्या आकारात वाळूवरचं एकटं नारळाचं झाड, खाऱ्या वाळूतही तग धरणारं. मागे कडा, नदीचं मुख आणि शिडाची होडी.

"होडी म्हणजे त्यांचं धाडस," मी म्हटलं.

"हिच्यात मानूस नाय?"

"चित्रात नाही दाखवलेला."

"मंग धाडस कोनाचा, बाई? लाकडाचा?" आम्ही दोघी हसलो.

पुढच्या आठवड्यात वारा फिरला, वादळ उठलं. तिचा नवरा अंतोन खोल समुद्रात मासेमारीला गेलेला. बाकीच्या बोटी परत आल्या, त्याची आली नाही. साबीन तरीही कामावर आली. "घरात कशी बसू? सगल्या बाया माझ्याकडं बघतात, जसा काय..." पत्रा खडखडला की आम्ही दोघी एकदम वर बघायचो. दुपारी मी नमुना तपासायला घेतला. होडीत, शिडाखाली, काळ्या धाग्याचा एक माणूस बसला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, डोक्यावर अंतोन घालायचा तशी लाल टोपी. पाचूबंदरात रिकामी होडी वाहत किनाऱ्याला लागली तर कोणी मोठ्याने बोलत नाही, कारण तिच्यातला माणूस समुद्राने नेलेला असतो, हे मलाही ठाऊक होतं.

तेवढ्यात शेठ आले. "मॅडम, हा कोण बसलाय? काढा त्याला, संध्याकाळी कुरियर जाणार!"

साबीनने कापड छातीशी धरलं. "अंतोन येईपरत मी याला पान्यात टाकनार नाय, शेठ."

"अगं, धागा आहे तो!"

"तुमाला धागा."

शेठ माझ्याकडे बघू लागले. नमुना असाच गेला तर ऑर्डर जाणार, सगळ्या बायकांचं काम जाणार. आणि तो माणूस उसवला तर... मी शिकलेली, शकुन-अपशकुनाला हसणारी. पण समोरची कात्री उचलायला माझा हात धजेना. "शेठ, या वादळात कुरियरची गाडी कुठली निघतेय? उद्या बघू," मी म्हटलं. ते पुटपुटत निघून गेले.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर धक्क्यावर गेले. बायका हातात जपमाळ घेऊन रोझरीची प्रार्थना म्हणत होत्या. समुद्र नुसता राखेच्या रंगाचा दिसत होता. साबीनने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. "बाई, मी त्याला टोपी घातली ती बरी केली ना? थंडी वाजत असंल..." मी माझा पदर तिच्या खांद्यावरून ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या एका बोटीने अंतोनची बोट ओढून आणली. इंजिन बंद पडून ती वाहवत गेली होती. साबीन धावत गेली आणि आधी त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले. "मेल्या, कुठं होतास?" अंतोनला धड उभंही राहवत नव्हतं. "आगो, मला मार, पन पयला पानी दे," तो म्हणाला.

मग ती कारखान्यात आली, बारीक कात्री घेतली आणि होडीतल्या माणसाचा एकेक टाका अलगद उसवला. "ये, उतर आता," म्हणाली. कापडावर सुईची भोकं राहिली. शेठनी कपाळाला हात लावला. नवा नमुना भरून पाठवला आणि ऑर्डर टिकली. भोकं पडलेला तो झेंडा मी मागून घेतला.

परवा तुम्ही दोघं पहिल्यांदाच आईबाबांशिवाय विमानाने निघालात. एरवी अशा वेळी मी साबीनला फोन करायचे. या वेळी कपाटातून तो झेंडा काढला आणि सुई ओवायला बसले. डोळ्यांना दिसेना. अखेर दोरा ओवला गेला. तिच्याच भोकांतून मी होडीत दोन माणसं बसवली. तुम्ही सुखरूप पोहोचल्याचा फोन आला. कात्री शेजारीच आहे... पण मुलांनो, उसवायचा धीर मला अजून झालेला नाही.