दाराशी थांबणारा ज्ञानेश

आधीच माफी मागतो. असे लेख मोठ्या माणसांनी लिहायचे असतात. मी लेखक नाही, ज्ञानेशचा नातेवाईकही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे पानभर लिहायचं म्हटलं तरी हात अडखळतो. पण आम्ही दोघं जिथं जिथं जाऊन आलो, ते सांगायला आता मी एकटाच उरलोय...

अकरावीला आम्ही लातुरात एका खोलीत राहायचो. तो उदगीरचा, मी रेणापूरजवळच्या खेड्यातला. क्लासच्या जिन्यावर तो मधेच कोसळायचा आणि आम्ही पोरं त्याला विचारायचो, सकाळी सकाळीच घेऊन आलास का रे? तोही हसायचा. त्याचे स्नायूच क्षीण होत चालले होते, हे मागाहून कळलं. बारावी अर्ध्यावर सोडून तो घरी गेला, मी इंजिनिअरिंगसाठी नांदेडला, विष्णुपुरीत आलो. पुढच्या दोन वर्षांत तो पलंगाला खिळला. उजव्या हाताची बोटं तेवढी चालायची. त्या बोटांच्या जोरावर त्यानं मला अंतराळात नेलं.

म्हणजे कॉम्प्युटरवरच्या एका खेळात. यानातून ग्रहामागून ग्रह धुंडाळायचे आणि तिथं पूर्वी कुणी परके राहून गेले असतील तर त्यांच्या जागा शोधायच्या. दगडी खांब, मातीत अर्धी बुजलेली दालनं, भिंतींवर न कळणाऱ्या खुणा. रविवारी दुपारी मेसचं जेवण झालं की मी हेडफोन लावून बसायचो. ज्ञानेशनं एक नेम घातला होता. जागा कुणालाही सापडो, दुसरा आल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. दिवसभर घरी तोच असायचा, म्हणून जागा त्यालाच सापडायच्या, आणि मग रविवारपर्यंत तो दाराशी उभा. कंटाळा येत नाही का, असं एकदा विचारलं. म्हणाला, घरात मला कुठं न्यायचं, कधी न्यायचं, सगळं दुसरे ठरवतात. हितं थांबायचं का न्हाई, ते मी ठरवतो.

दुसऱ्या वर्षी मी नापास झालो. वर्ष गेलं, हॉस्टेल सुटलं. घरी सांगितलं नाही. हा लेख कुणी वाचून दाखवला तर आता कळेल. एक पत्र्याची खोली घेतली आणि दिवसभर आतून कडी लावून बसू लागलो. ज्ञानेशलाही सांगितलं नाही. तो म्हणायचा, एकदा उदगीरला ये, तोंड तरी बघू. मी म्हणायचो, परीक्षा झाली की येतो. परीक्षा नव्हतीच. त्याच्यासमोर बसलो असतो तर माझं खोटं टिकलं नसतं, म्हणून जात नव्हतो.

शेवटच्या रविवारी त्याला जमिनीखाली खोल एक दालन सापडलं होतं. आम्ही आत शिरलो आणि मागची वाट ढासळली. सगळ्या भिंती चाचपून झाल्यावर मी वैतागलो, म्हटलं बंद करू, पुन्हा वरून सुरुवात करू. तो हलला नाही.

"थांब की. तुला कुठं जायचंय एवढं?"

मी उगाच पुन्हा एक भिंत चाचपली. थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "खरंच हाय का रे परीक्षा?"

सगळं ओठांवर आलं होतं... पण म्हणालो, "हाय. महिनाभर चालंल."

"बरं. मग नीट दे."

परीक्षा असलेला मुलगा खेळत बसत नाही, म्हणून महिनाभर मी खेळ उघडलाच नाही. फोनही केला नाही. महिना संपला की उदगीरला जायचं आणि सगळं सांगून टाकायचं, एवढं मात्र ठरवलं होतं. महिना संपला त्या दिवशी सकाळी बॅग भरत होतो, तेव्हा त्याच्या मोठ्या बहिणीचा, आक्कांचा फोन आला. त्यांच्याशी मी आधी कधी बोललो नव्हतो.

"भाऊ, संपले का तुमचे पेपर?"

मी हो म्हणालो.

"ज्ञानू गेला. आज अठरा दिवस झाले. दवाखान्यात नेताना बी बजावून गेला, त्याचे पेपर झाल्याबिगर त्याला कळवू नका म्हणून."