सोळाव्या वर्षी मत

ड्रेस्डेनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब राहतं. त्यांची सोळा वर्षांची मुलगी दर शनिवारी ट्रामच्या थांब्यावर टेबल मांडून उभी असते. राज्याच्या निवडणुकीत सोळाव्या वर्षी मत देता यावं, ही तिची आणि तिच्या मित्रांची मागणी. मी मराठीत चौकशी केली की ती जर्मनमध्ये उत्तर देते. कोणी अंगावर ओरडलं, तर सगळं शांतपणे ऐकते, "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणते आणि पहिल्यापासून समजवायला लागते. अशा वेळी मी मिळेल त्या ट्राममध्ये चढतो.

मागच्या महिन्यात तिथे आमचे आमदार आले. त्यांना तरुणांबरोबर फोटो हवा होता.

"आधी सांगा, तुम्ही आमच्या बाजूने मत देणार का?" तिने विचारलं.

त्यांनी तरुण पिढीचं भरपूर कौतुक केलं. ते संपल्यावर तिने तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला. आजूबाजूची माणसं थांबली.

"नाही," आमदार शेवटी म्हणाले.

"स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे," असं म्हणून तिने आपला फोन माझ्या हातात दिला. "काका, बिट्टे."

मी फोटो काढला. त्यात ती एकटीच हसते आहे.