बाबांच्या फाइलमधली शेवटची नोंद

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचते, पण विश्वास कधीच नव्हता. मी प्रोग्रामर आहे, राहते भोपाळला, सोनागिरीत. जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते...

बाबा गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. मागच्या उन्हाळ्यात गेले. दवाखान्यात आठ दिवस बेशुद्ध, मग संपलं. मुलगा नाही, म्हणून विश्रामघाटावर मीच अग्नी दिला. रडले नाही. आजही बधिरच आहे.

दिवाळीनंतर एका रविवारी दुपारी त्यांचा जुना कॉम्प्युटर उघडला. ते रोज चार ओळी लिहायचे. जागा वाचावी म्हणून स्वतः शिकून केलेल्या प्रोग्रामने मजकूर दाबून ठेवायचे — उलगडल्याशिवाय नुसती अक्षरांची खिचडी. तो उलगडायला मी छोटा कोड लिहिला. पाऊणएक तासात मराठी ओळी दिसू लागल्या. भाजी, पंखा, आईचे गुडघे...

सगळ्यात शेवटी हे होतं :

"आज घाटावर नंदा अनवाणीच उभी होती. डाव्या टाचेला चटका बसला, बोलली नाही. कुणीतरी तिला पाणी द्यायला हवं होतं."

नंदा म्हणजे मी. टाचेला फोड आला होता हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि फाइल शेवटची सेव्ह झाली होती बाबा दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी.

माझाच कोड चुकला असेल म्हणून ऑफिसातल्या इरफानभाईंना दाखवला. त्यांनी स्वतःच्या मशीनवर फाइल उलगडली. तेच आलं.

"चेकसम भी मैच हो रहा है," ते हळूच म्हणाले. म्हणजे दाबताना जे आत गेलं, तेच अक्षरशः बाहेर आलंय. "नंदाजी, किसी ने बाद में कुछ जोड़ा नहीं है."

घरी येऊन आईला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं,

"पुढे आहे का काही?"

"नाही. इथेच संपतं."

"तुला तहान लागली होती का गं तेव्हा?"

"हो."

ती उठली, माठातलं पाणी घेऊन आली आणि मी ते पूर्ण पिईपर्यंत समोर उभी राहिली.

याचा अर्थ काय लावायचा, मला अजूनही कळलेलं नाही. फाइल पुन्हा उघडलेली नाही, डिलीटही केलेली नाही.