चकती चिकटवणाऱ्या ताई

"चहा टाका काकू, तोवर ही तापते," असं म्हणून ताई ती चकती सरळ स्वतःच्या काखेत दाबायच्या आणि खुर्चीत ऐसपैस बसायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझी आई दुधाची बाटली हातात घेऊन उभीच राहिली. मुलाच्या पोटाला लावायची वस्तू, आणि ही बाई ती काखेत घालते! तुम्ही तिथं असता तर तुम्हीही डोळे मोठे केले असते.

चकती म्हणजे काय ते आधी सांगतो. माझ्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आतड्याचं एक टोक पोटावर बाहेर काढून ठेवलं. त्याला स्टोमा म्हणतात. पोटातलं जे काही असतं ते तिथून एका पिशवीत येतं, आणि ती पिशवी पोटाला धरून ठेवते ती ही चिकट चकती. ती नीट बसली तर माणूस ऑफिसला जातो, जिना चढतो, हसतो. नाही बसली तर काय होतं, ते मला विचारा.

माझी तर आठवड्यातून चार-पाचदा गळायची. एका संध्याकाळी आमची सई, सहा वर्षांची, नेहमीसारखी धावत आली आणि "बाबा!" करून माझ्या अंगावर उडी मारून बसली. चकती सुटली. तिच्या शाळेच्या फ्रॉकवर सगळं आलं. पोर रडली नाही, "इट्स ओके, बाबा," म्हणाली. तेच मला जास्त लागलं. त्या दिवसापासून मी पोटावर उशी घेऊन बसायला लागलो. सई सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसायला शिकली. बायको समजूत घालायची, मी तिच्यावरच चिडायचो.

ताईंची गाठ पडली जयंतीच्या कार्यक्रमात. इथल्या, अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातला भाड्याचा हॉल, आत हीटर सुरू, आणि मी जाड जॅकेट घालून दाराजवळ उभा. जेवणाचं ताटही घेतलं नव्हतं. साठीच्या पुढच्या एक बाई आल्या, "जय भीम" म्हणाल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "उजवीकडं आहे का डावीकडं?"

मी म्हटलं, "काय?"

"पिशवी रे. काऊन एवढा लपवतो? आयुष्य गेलं माझं वॉर्डात. जॅकेट घालून उपाशी उभा राहणारा माणूस मला लांबून कळतो."

त्या मूळच्या नागपूरच्या. इकडे येऊन वर्षानुवर्षं नर्सचं काम केलं, रिटायर झाल्या, आणि आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये तीन बिल्डिंगा सोडून राहत होत्या. मला पत्ताच नव्हता. "शनिवारी सकाळी सातला येते," म्हणाल्या. "काही खाऊ-पिऊ नको. पोट रिकामं असलं की आतडं गप्प बसतं."

आल्या. मी टी-शर्ट वर करायला का-कू करत होतो, तर म्हणाल्या, "आधी पाहू दे, लाज मागून." जुनी चकती त्यांनी हलक्या हातानं, पाणी लावत लावत सोडवली. खालची कातडी लाल, सोललेली. बोट लावलं, ते नाकाशी नेलं, आणि चष्म्यावरून आमच्या सगळ्यांकडे पाहिलं.

"हे खोबरेल कोणी लावलं?"

आई नागपूरहून माझी काळजी घ्यायला आली होती, येताना बॅगेत दोन बाटल्या तेल. ती ताठ होऊन म्हणाली, "मी लावलं. लेकराची कातडी सोलली तर काय पाहत बसू? लहानपणापासून तेलच लावत आले."

ताई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "अहो काकू, तेलकट ताटलीवर कागद चिकटतो का? रोज तुम्ही तेल लावता आणि हा रोज चकती लावतो. दोघंही मेहनती!"

आईचा चेहरा पडला. रोज सकाळी तेल लावताना ती माझ्या पोटाशी काहीतरी पुटपुटायची, बरं कर म्हणून. आपल्याच तेलानं गळत होतं हे तिला सहन होईना. ताईंनी ते पाहिलं. लगेच म्हणाल्या, "तुमचा हात हलका आहे, तो मला पाहिजे. या इकडं."

मग त्या दिवशी आमच्या घरात शाळा भरली. साबण नको, क्रीम नको, फक्त कोमट पाणी. टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही. सोललेल्या जागेवर जराशी पावडर, आणि उरलेली झटकून टाकायची. मग त्यांनी भोकं पाडलेलं मापाचं कार्ड काढलं. दवाखान्यात दिलेल्या मापानंच मी अजून चकतीचं मधलं भोक कापत होतो, पण ऑपरेशननंतरची सूज कधीच उतरली होती. स्टोमा लहान झाला होता, भोक मोठंच राहिलं होतं, आणि मधली उघडी कातडी बिचारी भाजत होती.

"बाळंतपणातला ब्लाउज घालून फिरतोय हा," ताई म्हणाल्या. बायको खुदकन हसली. कित्येक आठवड्यांनी आमच्या घरात कोणी हसलं.

एवढ्यावर थांबतील तर त्या ताई कसल्या! मला खाली मांडी घालून बसवलं. "तू काय दिवसभर आडवा राहतो? बसल्यावर पोट कुठं दुमडतं ते पाहू दे." स्टोमाच्या खाली एक वळी निघाली, नेमकी तिथूनच गळत होतं. त्यांनी फट बुजवायची मऊ रिंग काढली आणि आईच्या हातात दिली. आईनं ती बोटांनी ओढून-दाबून त्या वळीत अशी काही बसवली, जशी करंजीची कड दाबावी. "वा!" ताई म्हणाल्या. आई त्यानंतर दोन दिवस त्या रिंगबद्दलच बोलत होती.

काखेत तापून मऊ झालेली चकती लावून झाली की ताई म्हणायच्या, "आता हात ठेव. पाच मिनिटं. माझा नाही, तुझा." खरं सांगतो, ऑपरेशनपासून मी स्वतःच्या पोटावर हात ठेवलाच नव्हता. किळस वाटायची. त्या पाच मिनिटांत आजाराबद्दल बोलायची बंदी. कोणाच्या घरी ठेचा चांगला होतो, यावरच बोलायचं.

चकती चार दिवस टिकली. मग ताईंनी वार लावून दिले, बुधवार आणि रविवार. "गळायची वाट पाहत बसायचं नाही." मी शहाणा! मला वाटलं, चार टिकली तर सात का नाही? सहाव्या दिवशी मीटिंगमध्ये सुटली. फोनवर अशी खरडपट्टी काढली त्यांनी! "मेडल देणार होतं का कोणी?"

पुढचे दोन महिने एकदाही गळली नाही. उशी मात्र सुटेना. एका शनिवारी ताई सहज आल्या, मला पाहिलं, सोफ्याच्या टोकाला बसलेल्या सईला पाहिलं. सरळ माझ्या पोटावरची उशी ओढली आणि ती खाली घेऊन स्वतः तिच्यावर बसल्या.

"ताई, भीती वाटते हो."

"वाटू दे. गळलं तर फ्रॉक धुता येतो. हे दिवस येतील का परत?"

सई हळूच म्हणाली, "कॅन आय?" मी मान हलवली. ती आली, जपून बसली, मग नेहमीसारखी धप्पकन रेलली. मी तिच्या केसांत तोंड खुपसून रडलो. ताई खिडकीबाहेर बघत बसल्या.

मागच्या हिवाळ्यात ताई गेल्या. हार्ट अटॅक, कोणाला त्रास न देता. श्रद्धांजलीला त्याच हॉलमध्ये गेलो. निम्मी माणसं अनोळखी. ताईंच्या मुलानं प्रत्येकाला विचारलं, आईची ओळख कशी? एक पंजाबी गृहस्थ म्हणाले, "बस, ऐसे ही." एक गोरी म्हातारी म्हणाली, "फ्रॉम अराउंड." माझी पाळी आली. मी म्हटलं, "शेजारी होत्या."

सई आता नऊ वर्षांची आहे. माझ्या दंडाला टेकून बसली होती. मोठ्यानं म्हणाली, "नो, बाबा. शी फिक्स्ड युअर बॅग."

माझे कान तापले. ओळखीची माणसं, ऑफिसातली दोघं, सगळे पाहत होते. मी उभा राहिलो. म्हटलं, "बरोबर आहे. माझ्या पोटाला पिशवी आहे. ती लावायला ताईंनी शिकवलं. म्हणून ही पोरगी माझ्याजवळ बसते."

गोऱ्या म्हातारीनं स्वेटरवरून डाव्या कुशीवर हात ठेवला. "मी टू." मागून पंजाबी गृहस्थ उठले. मग कोपऱ्यातली एक तरुण मुलगी. मग माझ्याच ऑफिसातला एक जण, ज्याच्याबरोबर मी रोज लंच घेतो.

ताईंनी एकाचं नाव दुसऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही खुर्च्या ओढून जवळ बसलो आणि एकमेकांना विचारायला लागलो, तुझी किती दिवस टिकते? रिंग कुठली वापरतोस? बोलता बोलता अडलो की सगळे सवयीनं ताई कुठं आहेत म्हणून मागे वळून पाहत होते.